देवराईची सफाई

"काकू, डोळे मिटा! हं, आता उघडा," शहरातून आलेल्या ट्रेकर मुलांची म्होरकी म्हणाली.

उघडले, आणि हातातली चहाची किटली खालीच ठेवली. देवराईतली जमीन अंगणासारखी लख्ख झाडून काढली होती. ज्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आमच्या गावात कुणी चुलीला नेत नाही, तिथला सगळा पाचोळा पोरांनी खराट्यानं ओढून गोण्यांत भरला होता. सकाळी मी त्यांना सहलीवाल्यांनी टाकलेल्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तेवढी उचलायला सांगितली होती.

"अगं, कचरा म्हणजे त्या बाटल्या गं! हे राईचं पांघरूण आहे. यात बिया रुजतात, यानं ओल टिकते. खालचा आमचा झरा याच्यावरच जगतो."

"पण काकू, बघा ना किती छान दिसतंय! आता इथे तंबूसुद्धा लावता येतील."

डोकंच फिरलं माझं. पदर खोचला, जवळची गोणी फरफटत नेली आणि उंबराच्या बुंध्याशी उलटी केली. पाचोळ्याबरोबर कोवळी रोपंही मुळांसकट बाहेर पडली. ती ओंजळीत घेऊन मी वळले, तर तिनं माझ्यावरच मोबाइल धरलेला.

"बघा मित्रांनो," ती मोबाइलला सांगत होती, "आम्ही सकाळपासून राबून देवराई स्वच्छ केली, आणि गावातलीच माणसं इथे पुन्हा कचरा टाकतायत!"