श्वासाची जागा

“गानं लाव की गं कोनीतरी,” कमळी म्हणाली. “घागर घेऊन किती वेळ पुतळ्यागत उभं राहायचं?”

फाटकाशी बायका खोळंबल्या होत्या. उद्या प्रीतलचं लग्न. तिच्या न्हाणाचं पाणी आज विहिरीवरून आणायचं होतं, आणि राजोडीत त्या विहिरीकडे मुक्याने कोणी जात नाही. गाणं सुरू झाल्याशिवाय पहिलं पाऊल उचलायचं नसतं. एकीने फोनवर शोधलं. गाण्याच्या जागी काळी चौकट होती. हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही, असं त्यावर लिहिलेलं.

“फोन नाही लावायचा,” प्रीतलचा भाऊ रायन म्हणाला. “आज तोंडाने गायचं. मम्मीची तशी इच्छा आहे.”

मम्मी, म्हणजे हेलन, मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. इच्छा तिची होती आणि गाणंही तिचंच. तरुणपणी तिने ते जुळवलं, आणि मग तिच्याशिवाय गावातल्या कुठल्याच लग्नाचं पाणी हललं नाही. पुढे कॅसेट निघाली. वर साडीतला फोटो, खाली नाव. कॅसेट विकली गेली त्यापेक्षा कॉपी जास्त झाली. आगाशीच्या बाजारात ती मेमरी कार्डात भरून मिळायला लागली, तेव्हा फोटो गेला. मग तिथल्याच जॅक्सन नावाच्या डीजेने त्याला ढोल जोडून, मध्येच स्वतःच्या नावाची आरोळी घालून ते इंटरनेटवर टाकलं, तेव्हा नावही गेलं. शेवटी घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तो चोरीला गेला असं मात्र म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांनी रीतसर सही घेऊन काढला होता.

त्यानंतरही प्रत्येक लग्नात तिचा आवाज स्पीकरमधून विहिरीकडे जायचा, आणि हेलन आपली मागून चालायची. एकदा एका पोरीने तिला कौतुकाने विचारलं होतं, “मस्त आहे ना आंटी, जॅक्सनचं गाणं?”

त्या दिवशी ती जेवली नाही. रायनने तक्रार केली. जुनी कॅसेट दाखवली, चर्चच्या सणातले तिचे फोटो दाखवले, अर्ज परत आले तरी पुन्हा पाठवले. मागच्या आठवड्यात गाणं इंटरनेटवरून उतरलं. दुसऱ्या दिवशी जॅक्सन स्वतः घरी आला. भांडला नाही, चहासुद्धा प्यायला.

“आंटी, एक बोलू? माझ्यामुळे तुमचं गाणं पार दुबईपर्यंत वाजलं.”

हेलनने घशावर बोटं दाबली. तसं केलं की थोडे शब्द निघत. “गाणं वाजलं. हेलन कुठे वाजली?”

तो खरंच ओशाळला. जाताना त्याला बूट घालायला फार वेळ लागला.

तिला फार काही नको होतं. लेकीच्या लग्नात तरी ते बायकांच्या तोंडून यावं, ढोलाशिवाय, होतं तसं. त्यात आपण कुठेतरी सापडू, असं तिला वाटत होतं.

पण कोणी सुरुवात करेना. जी ती दुसरीकडे बघत होती. कमळीने एक ओळ उचलली, ती मध्येच सांडली.

“ए हेलन, अशी बघू नको,” ती म्हणाली. “इतकी वर्सं फोनच गातोय. आमी नुसत्या नाचतो. आता काय, तुझ्या नवऱ्याला शिट्टी मारायला सांगू?”

बायका हसल्या. हेलनला हसू आलं नाही. ज्यांच्या घरी ती पहाटेपर्यंत गायली होती, त्यांच्या ओठांवर तिची एक ओळ उरलेली नव्हती. जॅक्सनलाच बोलवा, असं सांगायला तिने रायनकडे पाहिलं.

तेवढ्यात घरातून आवाज आला.

“गोड पानी दे गं विहिरी, लेक माझी न्हायाची...”

प्रीतल उंबऱ्यात उभी होती. अंगाला हळद, हातात अर्धा चुडा. नवरीने हे गाणं गायचं नसतं. आईने गायचं असतं. पण प्रीतल आईकडे बघत गात होती. सूर थोडा चढा होता, थरथरत होता, पण चाल तीच, वळणं तीच. ‘न्हायाची’वर हेलन जशी रेंगाळायची, तशीच ती रेंगाळली. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा कमळीला आठवली. मग एकेकीला आठवत गेली. घागरी हलल्या. फाटकापासून मांडवापर्यंत बायका गायला लागल्या, लहान पोरीही गायला लागल्या, आणि हेलनचे ओठ आपोआप हलू लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, गेलं नाही काही. सगळं इथेच आहे.

ओळ संपली. इथे एक श्वास होता. तिचा स्वतःचा. पुढची ओळ जड होती, ‘आज माझ्या अंगणात, उद्या ती परक्याची’. ती म्हणायच्या आधी हेलन नेहमी इथे क्षणभर थांबायची. आजही तिने सवयीने छाती भरून घेतली.

आणि त्या जागेवर, ताल जराही न सोडता, सगळ्या बायका, सगळ्या पोरी आणि डोळे भरून आलेली प्रीतल एका सुरात ओरडल्या, “डीजे जॅक्सन!” आणि पुढच्या ओळीला लागल्या.