शेवटचं जाकीट

साल १९०७. संकटातल्या जहाजासाठी तोफ वाजली की धावत आधी पोहोचतील त्यांना बुचाची जाकिटं मिळत, आणि ज्याला जाकीट मिळेल तोच बचावनावेत चढे, अशी कॉर्नवॉलच्या त्या बंदराची रीत होती. त्या वादळी दुपारी मॉरवेनानं नवऱ्याचे बूट पिठाच्या पिंपात दडवले. आज दुसरं कुणीतरी जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

"अगं, बूट कुठेत माझे?"

"मला काय विचारतोस? टाकले असशील कुठंतरी, नेहमीसारखे!"

जेनकिन अनवाणीच धावला. तोवर शेवटचं जाकीट मॉरवेनाच्या धाकट्या भावानं, पॅस्कोनं, चढवलं होतं. नाव परतली नाही.

जेनकिन पुढे एकतीस वर्षं जगला, रोज रात्री बूट घालूनच झोपला. पॅस्कोचं नाव दगडावर कोरलं गेलं. त्यावर दरवर्षी फुलं वाहायचा मान वीराच्या बहिणीचा.