मेथीचा वाफा

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या रविकांतला अन्याय अजिबात सहन होत नाही. दर शनिवारी तो ट्रेनने युट्रेख्टला जातो, पॅलेस्टाइनसाठी मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून घेतो आणि परतल्यावर शेजारच्या नाबीलला सगळं साग्रसंगीत सांगतो. नाबील मूळचा पॅलेस्टाइनचाच. त्याच्या आजोबांची ऑलिव्हची बाग लष्कराच्या तारांमागे गेली, ती गेलीच.

आता मागच्या उन्हाळ्यात नाबील सुट्टीवर गेला असताना दोघांच्या परसातलं कुजकं कुंपण रविकांतने नवं बसवलं. ते दोन फूट पलीकडे सरकलं, एवढंच. मेथीच्या वाफ्याला तेवढी जागा लागतेच. नाबील तीनदा घराचा नकाशा घेऊन आला. तिन्ही वेळा त्याला आल्याचा चहा मिळाला आणि ‘बोलू आपण, चर्चा थांबायला नको’ असं आश्वासनही.

“अरे, सरकव की ते मागे,” बायको शैला म्हणाली.

“तात्पुरतंच आहे गं. शिवाय त्याचं मांजर इकडे येतं. आपल्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”

या शनिवारी रविकांतने मोर्चातून पॅलेस्टाइनचा भलामोठा झेंडा आणला आणि नाबीलला दिसावा म्हणून कुंपणालगत, मेथीच्या वाफ्यातच रोवला. मग त्याला हाक मारली, “बघ, कसा वाटतो?”

नाबीलने कुंपणावरून वाकून पाहिलं.

 

“छान! आणि बरोबर माझ्याच जमिनीत लावलास.”