बाकाचं टोक

पाणवठ्यासमोरच्या गवती तट्ट्याआड एकच लांब बाक होतं आणि त्यावर अख्खी सहल दाटीवाटीने बसली होती. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हा गाईडचा नियम. ज्याला प्राणी दिसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, शेजाऱ्याने पुढच्याचा. अशी ती खबर मुकाट्याने शेवटच्या टोकापर्यंत पोचायची.

बाबा आज मुलीच्या शेजारी बसले होते. आल्यापासून पहिल्यांदाच. "बाबा, या वेळी आपण दोघं कुठेतरी जाऊ," असं तीच फोनवर म्हणाली होती. पण ट्रकमध्ये ती मागच्या तरुण घोळक्यात, नदीवर रबरी होडीत, नाहीतर कड्यावर दोराला लोंबकळलेली. बाबा काठावर बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत. त्यांच्या वाट्याला आलेलं साहस ते एवढंच! तक्रार नव्हती. पोरगी हसताना लांबून दिसायची, तेही काही कमी नव्हतं. पण परवा ती परत नोकरीच्या गावी जाणार होती.

एकाएकी तिने त्यांचा हात दाबला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसाच, घट्ट.

बाबांनी हाताकडे पाहिलं. दोराने तळवा सोलवटला होता, नखांत माती होती. ते पाहतच राहिले. समोर बघायचं राहिलं आणि पलीकडे बसलेल्या, औषधांचं दुकान असलेल्या गृहस्थांचा हात दाबायचाही राहिला.

"गेलं," गाईड थोड्या वेळाने म्हणाला.

"काय गेलं?" औषधवाले दचकले.

"अस्वल. मागे पिल्लू होतं. पाण्यावर आलंच नाही, डावीकडच्या झुडपातून वर चढलं."

बाकाच्या अर्ध्या भागात एकच गलका उठला. खबर कुठे अडकली याचा तपास लागायला वेळ लागला नाही.

"काय हो काका! तोंडचा घास काढलात की आमच्या!"

"राहून गेलं," बाबा ओशाळून म्हणाले.

"तुम्हाला तरी दिसलं ना?" मुलीने विचारलं.

"दिसलं की."

"उद्या काकांना उजव्या टोकाला बसवू," गाईड हसत म्हणाला. "तिथे पुढे द्यायची भानगडच नाही." सगळे हसले, बाबाही हसले.

"मी उद्या डाव्या टोकाला बसते हं, बाबा. तिथून फोटो छान येतात. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उजव्या टोकाला बसले. मधे सगळी सहल आणि डाव्या टोकाला, गाईडच्या शेजारी, तिची निळी टोपी. बाकीचे पाण्याकडे बघत होते, बाबा टोपीकडे. ऊन तट्ट्याच्या फटींतून आत आलं. माश्या घोंगावू लागल्या.

मग टोपी हलली. तिने शेजारच्या बाईंचा हात दाबलेला बाबांना स्पष्ट दिसला. बाईंनी पलीकडच्या मुलाचा दाबला, मुलाने त्याच्या मित्राचा. एकेक खांदा हलत, एकेक मान डावीकडे वळत ती खबर त्यांच्याकडे येऊ लागली. बाबा तळहात गुडघ्यावर उघडा ठेवून बसून राहिले.

शेवटी औषधवाल्यांनी आपल्या जाड, घामट हाताने त्यांचा हात दाबला. कालचा राग होता, म्हणून जरा जोरातच.

सगळे झुडपाकडे बघत होते. बाबांनी डोळे मिटले आणि त्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. औषधवाल्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो सुटेना.