थकव्याचं प्रात्यक्षिक

ऑफिसातून आला की हेरंब आधी बायकोच्या मनगटावरच्या पट्ट्याला आपला पट्टा टेकवायचा. त्याचा दिवसभराचा थकवा सुमेधाच्या अंगात उतरायचा आणि हा ताजातवाना होऊन बॅडमिंटनला निघायचा. वर म्हणायचा, "तू काय, घरीच असतेस!"

चार वर्षं तिने हे सोसलं. त्या दुप्पट थकव्यात जुळ्या मुली वाढवल्या, त्यांना भरवता भरवता मुक्त विद्यापीठाचे धडे ऐकले. ती कोणता विषय शिकतेय, हे त्याने कधी विचारलं नाही.

आज तो आला तेव्हा पडद्यावर विद्यापीठाच्या परीक्षक बाई होत्या.

"हे काय?" हेरंबने विचारलं.

"थकवा-तंत्राचं माझं शेवटचं प्रात्यक्षिक. टेकव ना, रोजच्यासारखा."

त्याने हसत पट्टा टेकवला. तिने प्रवाह उलटा केला. हेरंब मटकन फरशीवर बसला.

"शाब्बास, पास झालात," बाई म्हणाल्या. "आता थांबवा."

सुमेधाने पडदा बंद केला. त्याचं मनगट मात्र सोडलं नाही. चार वर्षांचं साचलेलं सगळं त्याच्यात उतरल्यावरच ती उठली, बॅडमिंटनची रॅकेट घेतली आणि मुलींना हाक मारली.

"जा गं, बाबांशी घोडा घोडा खेळा. ते काय, घरीच आहेत!"