तुरुंगातल्या वहीतली ती

“या ओळीतली ‘ती’ म्हणजे आपली मातृभूमी,” काचेच्या पेटीतल्या वहीकडे बोट दाखवत मार्गदर्शक मुलगी सांगत होती. बेटाला स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या आबासाहेबांची ही तुरुंगातली वही इतक्या वर्षांनी सरकारी कपाटातून स्मारकात आली होती.

गर्दीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाईही होत्या. सात वर्षांच्या तुरुंगवासात नवऱ्याने आपल्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही, हा राग त्यांनी ते गेल्यावरही जपला होता.

मुलीने पुढे वाचलं, “‘ती रुसली असेल. पहाटे भांडलो आणि तिचे घावने न खाताच निघालो. चुकलंच माझं.’ घावने म्हणजे स्वातंत्र्याची भूक, असं अभ्यासक मानतात.”

अनसूयाबाईंना आधी हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले. “अगं पोरी, घावने म्हणजे घावने. चार होते. शेवटी कुत्र्याला घातले मी.”

मुलगी गोंधळली. “म्हणजे ती... तुम्ही? आजी, मग पाटी बदलायला सांगू?”

“नको गं, देशाला वाटू दे तसं,” म्हणत अनसूयाबाई काचेजवळ सरकल्या. “तू फक्त ते ‘चुकलंच माझं’ एवढं परत वाच. जरा मोठ्यानं.”