फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

"हात मोडलेत का तुझे? लिही, पिशव्या उचलून पाठ दुखते म्हणून!" दवाखान्यात माझ्यासमोरच पप्पानं मम्मीला कोपरानं ढोसलं. पाठदुखीच्या प्रश्नांचा तो परदेशी फॉर्म नुकताच आमच्या इटालियनमध्ये भाषांतर केलेला. आमच्या लोकांना तो कळतो का, हे डॉक्टरीणबाई बघत होत्या.

पप्पा सिगरेट ओढायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "ओर्नेल्लाबाई, यात काही विचारायचं राहिलंय का?"

"रविवारी नवऱ्याची टीम हरली का, ते विचारा," मम्मी म्हणाली. "माझी पाठ सोमवारीच दुखते."



आज रविवार. खालच्या बारमध्ये टीव्हीपुढे ग्लास फुटलेत, टीम तीन गोलनी हरलीये. पप्पा जिना चढतोय आणि मम्मीचं पास्त्याचं लाटणं माझ्या हातात आहे. चला, निघतो, दार उघडायचंय.